नाल्यानाल्यानं यवतमाळ

यवतमाळ शहरातून सायकलवर निघालं की कुठल्याही दिशेला आधी उतारच लागतो. दारव्ह्याकडे जा, आर्णीकडे जा, कळंबकडे वळा नाहीतर घाटंजीकडे. सुरुवातीला पायडल मारायची फारशी गरज पडत नाही. परत येताना मात्र सगळा हिशेब चुकता करावा लागतो. शहर बसलंय पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही अंगांनी पागोळ्या होऊन उतरतो तसं इथलं पाणी फुटतं. काही बेंबळ्याच्या अंगानं वर्धा नदीकडे जातं, काही अडाण, अरुणावती, वाघाडी यांच्यातून दक्षिणेला पैनगंगेकडे. पैनगंगा जिल्ह्याची दक्षिण कड आखत वळणं घेत राहते आणि वणी तालुक्यात जुगादला वर्धेलाच मिळते. आढ्यावर फुटलेलं पाणी जिल्हा सोडायच्या आत पुन्हा एक होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘वाट’. यवतमाळवर लिहायचं म्हटलं की बाहेरचा माणूस कापूस आणि आत्महत्या या दोनच गोष्टींकडे येतो, आणि त्याही हमरस्त्यावरच्या गावांतून गोळा करून परततो. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. पण या जिल्ह्याचा मोठा तुकडा डोंगर आणि जंगल आहे. अजिंठ्याच्या रांगेचं पूर्वेकडचं शेपूट पुसद-उमरखेडच्या अंगानं इथं शिरतं आणि शेकडो नाल्यांनी चिरलं जातं. त्या चिरांमध्ये कसं जातात, तिथं कोण राहतं, कुणाची ये-जा असते, हे बघायचं म्हणून मी नाल्यानाल्यानं फिरलो. जिथं बंडीची वाट होती तिथं सायकलनं, जिथं ती संपली तिथून पायी.

दगडाच्या पायऱ्या

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच वाहून थांबला नाही. थरावर थर येत गेले. एक थर घट्ट, वाजवला तर घणघणणारा. त्याच्यावरचा किंवा खालचा पोकळ बुडबुड्यांचा, हातानं खरवडला तरी सुटणारा. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती होईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण, पुढच्या लाव्ह्यानं भाजून काढलेली.

नाल्याच्या दृष्टीनं सगळा खेळ याच घट्ट-मऊ थरांचा आहे. वरून येणारं पाणी मऊ थर पटकन कोरतं, घट्ट थरापाशी अडतं, त्याच्या काठावरून खाली उडी मारतं आणि खालचा मऊ दगड पोखरत राहतं. आधार गेला की वरचा घट्ट काठ तुटून पडतो आणि धबधबा थोडा मागं सरकतो. अशी मागं मागं सरकत दरी वर चढते. म्हणून इथल्या नाल्यात चालताना सपाट फरशीसारखा लांबलचक तळ लागतो, मग एकदम पुरुषभर उंचीची पायरी, तिच्या पायथ्याशी डोह, पुन्हा फरशी. सह्याद्रीतल्यासारखी छाती दडपून टाकणारी खोली इथं नाही. पण काठावर उभं राहून पाहिलं तर नाला दिसतच नाही, सागाच्या शेंड्यांची एक हिरवी रेघ तेवढी दिसते. खाली उतरल्यावर कळतं की तिथं वेगळंच हवामान आहे.

फरशीवर रांजणखळगे असतात. आर्णी तालुक्यातल्या एका नाल्यात अशा एका खळग्यात मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. तळाशी पाच-सहा गोटे होते, सुपारीपासून लिंबाएवढे, गुळगुळीत. हीच त्या खळग्याची हत्यारं. पुराचं पाणी भोवऱ्यानं फिरतं, गोटे फिरवतं, गोटे दगड झिजवतात आणि स्वतःही झिजतात. खळग्याच्या भिंतीवर आडव्या रेघा बोटाला लागत होत्या. थोडं वर, मऊ थरात, बुडबुड्यांच्या जागी भरलेली पांढरी खनिजं उन्हात चमकत होती. अशा दगडाचे तुकडे पोरं खिशात भरून नेतात. नेऊ द्यावेत.

पूर्वेला, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पारडी भागात रस्त्याच्या कामासाठी खोदताना बेसाल्टचे खांब उघडे पडले. थंड होताना लाव्हा आकसून षटकोनी भेगांनी तडकला की असे खांब तयार होतात. चंद्रपूरचे भूगर्भ अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधलं. खडी पाडण्याच्या आधी कुणीतरी पाहिलं, हे नशीबच म्हणायचं.

झिरा

नाल्यातून चालायला शिकायचं तर कोलामांच्या पोडावर जावं. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलाम मुख्यतः यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे तेलंगणात आदिलाबादकडे राहतात. त्यांची वस्ती ती पोड. मुख्य गावापासून हटकून दूर, डोंगराच्या अंगाला, पण नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. घरात कोलामी, बाहेरच्याशी वऱ्हाडी.

घाटंजी तालुक्यातल्या एका पोडावरचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याबरोबर आले. हातात कुऱ्हाड, पायात टायरच्या चपला. माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे आणि पाण्याच्या बाटल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. नोव्हेंबर संपत आला होता. वरच्या भागात नाला वाहायचा थांबला होता, फरशीवर सागाची पानं पडून कुरकुरत होती.

“पानी कुठं आहे आता?” मी विचारलं.

“हाय ना. खाली चालून रायलं.”

अर्ध्या तासानं नाल्यानं वळण घेतलं. वळणाच्या आतल्या अंगाला रेतीचा पट्टा साचला होता, काठावर जांभळीचं जुनं झाड. तिथं ते बसले आणि हातांनी रेती उकरायला लागले. वरची कोरडी, करकरीत. वीतभर खाली गेल्यावर ओल लागली, रंग गडद झाला. कोपरभर खड्डा झाल्यावर बाजूनं पाणी झिरपायला लागलं, गढूळ. ते त्यांनी ओंजळीनं बाहेर टाकलं. पुन्हा भरलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्या खेपेला पाणी नितळ झालं होतं. मग कडेची रेती ढासळू नये म्हणून त्यांनी खड्ड्याच्या काठाला चार चपटे दगड लावले, पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि आधी माझ्यापुढे धरला. थंडगार पाणी होतं. प्यायलो. त्या दिवशी पिशवीतल्या बाटल्या तशाच परत आल्या.

हा झिरा. उन्हाळ्यात पोडावरची बाया-माणसं अशाच झिऱ्यांवर पाणी भरत आलीत. रेती हीच इथली टाकी आहे. दगडाच्या फरशीवर साचलेल्या रेतीच्या थरात पावसाचं पाणी अडकून राहतं, उन्हापासून वाचतं आणि हळूहळू उतरतं. कुठं उकरायचं याचं शास्त्र आहे: वळणाच्या आतली बाजू, दगडाची आडवी धार जिथं पाणी अडवते तिच्या वरचा भाग, आणि जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर यांची सोबत. वरच्या बरडावर साग, धावडा, ऐन, सालई डिसेंबरपासून पानं टाकायला लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगर उघडा पडतो. नाल्याकाठची ही चार झाडं मात्र हिरवी राहतात. लांबून डोंगराकडे पाहून पाणी कुठं आहे ते सांगता येतं ते यामुळेच.

“पान्याच्या संगं चाला,” म्हातारबाबा म्हणाले, “हरपणार नाई. वरतं चढले का घोटाळा.” त्यात तथ्य आहे. पठारावर एकसारखा साग, एकसारख्या टेकड्या, दिशा चुकते. नाला मात्र कुठंतरी नेऊनच सोडतो: मोठ्या नाल्याला, नदीला, गावाला.

सायकल कुठं, पाय कुठं

सायकलवाल्यांसाठी थोडं नीट सांगतो. नाल्याच्या पात्रात सायकल चालत नाही. रेतीत चाक रुततं, फरशीवर शेवाळ असतं. चालते ती नाल्याच्या काठानं गावं जोडणाऱ्या पांदणीतून आणि तेंदूपत्त्याच्या, लाकडाच्या गाड्यांसाठी पूर्वी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून. या वाटा नाला ओलांडतात तिथं रपटा असतो, तोच उतरायचा दरवाजा. सायकल गावात कुणाच्या तरी अंगणात ठेवावी. ठेवू का म्हणून विचारलं की चहा होतोच.

टायर रुंद हवेत आणि ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारं द्रव घातलेलं हवं, कारण बाभळीचा आणि हिवराचा काटा या भागात रस्ताभर असतो. कुंपणाला लावलेल्या काट्यांच्या फांद्या बंडीखाली चुरडून पांदणीत पसरतात. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की दहा पावलांवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पोळ्यानंतर जमीन घट्ट व्हायला लागते. दिवाळी ते संक्रांत हा खरा हंगाम. त्यात एक वैरी आहे, खाजकुहिली. तिच्या शेंगा हिवाळ्यात नेमक्या नाल्याकाठच्या झुडपांवर वाळत लटकतात, वाऱ्यानं त्यांची लव उडते आणि अंगाला लागली की माणूस कपडे फाडायला उठतो. पाणी लावून चोळू नये. शेण किंवा ओली माती थापून वाळू द्यावी आणि खरवडून काढावी, असं सगळ्या पोडांवर सांगतात. दुसरी भीती दगडी कड्यांना लटकलेल्या आग्या मोहोळांची. त्यांच्याखाली बिडीसुद्धा पेटवू नये.

आणि मार्च लागला, मोह टपकायला लागला की पहाटे नाल्यात शिरू नये. अस्वलं आणि मोह वेचणाऱ्या बायका दोघंही त्याच झाडांखाली त्याच वेळी असतात. दोघांनाही तिसरा नको असतो.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. वर पाऊस पडला की खाली ऊन असताना लोंढा येतो. पाण्याचा रंग बदलला, काडी-कचरा वाहत यायला लागला, की त्या क्षणी काठ चढायचा. सामान राहिलं तर राहू द्यायचं. २८ सप्टेंबर २०२१ ला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून वाहून गेली आणि माणसं दगावली. तो नाला एरवी कुणाच्या नजरेतही भरत नाही. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला तेव्हा अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. पैनगंगेवर तर आणखी एक धोका: पाऊस नसला तरी वरती इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पात्र फुगतं. पावसाळ्यात दरी पाहायची ती काठावरून.

गवत कुणाचं

जंगलात मुक्त फिरावं असं मनात असलं तरी परवानगीचा विचार आधी करावा लागतो. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं. तिथं पायी किंवा सायकलनं मनाला येईल तसं शिरता येत नाही, टिपेश्वरला ठरलेल्या दारातून गाडीनंच जायचं. बाहेरचं बरंचसं जंगल राखीव. तिथंही वनरक्षकाला सांगून, शक्य तर त्याच्याबरोबर जावं. गावाची ई-क्लास जमीन आणि पांदण एवढं मोकळं. मी जिथं जिथं फिरलो तिथं बीटच्या गार्डला आधी भेटलो. बहुतेकांना त्यांच्या नाल्यात कुणी नुसतं बघायला येतंय याचंच नवल होतं, आणि त्यांच्याइतकं तिथलं कुणाला ठाऊकही नव्हतं.

हे दार कुणाचं, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडानं मिठाऐवजी गवत निवडलं. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्यानं गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला; आज लोहाऱ्यात एमआयडीसी उभी आहे. इंग्रजांनी जंगल राखीव केल्यावर गुरं चारणं, सरपण आणणं, गवत कापणं हे एका रात्रीत गुन्हे झाले होते. म्हणून त्या मूठभर गवताला इतका अर्थ आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यातलं काही परत दिलं, पण पोडावरच्या माणसाला गार्ड दिसला की पाऊल थबकतं ते अजूनही. शहरातला सायकलवाला हेल्मेट घालून त्याच वाटेनं जातो तेव्हा त्याला सहसा कुणी अडवत नाही, हे मला प्रत्येक वेळी टोचलं.

पट्टेवाल्याचा रस्ता

ओल्या रेतीत चालताना आपण वाचत असतो. रोह्याचे खूर, रानडुकरांनी उकरलेली चर, मोराची तीन बोटं, आणि त्यांच्यावरून गेलेला, बशीएवढा, नखांची खूण नसलेला ठसा. पांढरकवड्याच्या अलीकडे एका रपट्याखाली असा ठसा होता. सोबतचा ढोरकी वाकला, बोटानं त्याची कड दाबून पाहिली आणि म्हणाला, “रातचा हाय.” कड अजून कोरीव होती, ऊन लागून ढासळली नव्हती. आम्ही मोठ्यानं बोलत वर चढलो आणि त्या दिवशी तो नाला सोडून दिला.

टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. टिपाई देवीवरून नाव पडलं. वाघ वाढले तशी जागा अपुरी पडायला लागली आणि तरुण वाघ बाहेर पडू लागले. त्यातल्याच एकाला, टी१-सी१ ला, फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. पावसाच्या तोंडावर तो निघाला. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडत, शेतं, नाले, महामार्ग पार करत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याचं चालणं १३०० किलोमीटरवर गेलं होतं. कॉलर निघेपर्यंत ते ३००० च्या वर गेलं. देशात नोंद झालेलं वाघाचं एवढं लांब चालणं तोवर नव्हतं. तो रात्री चालायचा आणि दिवसा आडोशाला बसायचा.

कापसाच्या-तुरीच्या सपाट मुलखात दिवसा वाघाएवढ्या जनावराला आडोसा कुठं मिळतो, हे कुठल्याही ढोरक्याला विचारा. नाल्यात. दोन्ही काठांना पाच-दहा हातांची झाडी, खाली सावली, पाणी, आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात न तुटता जाणारी वाट. नकाशावर वनखात्याचे हिरवे ठिपके सुटे सुटे दिसतात; त्यांना जोडणारी बारीक निळी रेघ असते ती याच नाल्यांची. वाघांचे मार्ग वाचवायचे म्हणून महामार्गाखालून बोगदे बांधण्याची भाषा होते, ती हवीच. पण मधल्या शेतांतून जाणारा, कुणाच्याच यादीत नसलेला नाला उघडाबोडका केला तर वाघ बोगद्यापर्यंत पोचणार कशानं?

याच आडोशाची दुसरी बाजू राळेगाव-पांढरकवडा भागानं भोगली आहे. टी-१ वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लागले. तिला शोधायला कॅमेरे, ड्रोन, हत्ती, कुत्रे, सगळं आणलं; टेकड्या, नाले आणि रायमुनियाचं रान यांत ती महिनोन्‌महिने हाती लागली नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. देशभर तिच्यासाठी मोर्चे निघाले. त्या गावांत लोक अजून कामाला निघताना घोळक्यानं निघतात, आणि नाला ओलांडताना बायका मोठ्यानं हाका घालतात. दोन्ही दुःखं खरी आहेत. पण रोज तो नाला ओलांडावा लागतो तो गावकऱ्यालाच, म्हणून वाघाच्या वाटेबद्दल बोलताना आधी त्याला विचारलं पाहिजे असं मला वाटतं.

बंदी भाग

उमरखेड तालुक्याचा दक्षिण-पूर्वेकडचा भाग लोक ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतात. पैनगंगेनं घेतलेल्या मोठ्या वळणात, पैनगंगा अभयारण्याच्या आतबाहेर वसलेली गावं: बिटरगाव, जेवली, मोरचंडी, सोनदाभी, कोरटा. बंजाऱ्यांचे तांडे, आंध आणि गोंडांची गावं. ढाणकीहून आत वळलं की साग दाट होतो, मोबाइलची रेंज जाते आणि रस्ता नाल्यांच्या मर्जीवर चालायला लागतो.

फिरणाऱ्याला हा भाग भुरळ घालतो हे कबूलच करायला हवं. नाल्याच्या सावलीत स्वर्गीय नर्तक पांढरी शेपटी फडफडवत या काठावरून त्या काठावर जातो. उथळ पाण्यात तुतवार शेपूट हलवत फिरतो. वळणाच्या शेवटी सहस्रकुंड. मुरली गावाच्या अंगानं उतरलं की पैनगंगेचं अख्खं पात्र काळ्या फरशीवर पसरून, फुटून, दगडाच्या काठावरून खाली कोसळतं. समोरचा काठ नांदेड जिल्ह्याचा. तिकडून रेल्वे आहे, गर्दी आहे, दुकानं आहेत. इकडच्या काठावर गुरं पाण्यावर येतात.

एका तांड्यावर दुपारी थांबलो होतो. घरच्या आजींनी ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. मी त्यांच्या नाल्याचं कौतुक केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की सून अडली तेव्हा त्याच नाल्याला पूर होता. चौघांनी खाटेवर घालून तिला पलीकडे नेलं. बाळ-बाळंतीण वाचली. “तुमाले चांगला दिसते नाला,” त्या म्हणाल्या. “आमाले पूल पायजे.”

यावर मला उत्तर नव्हतं आणि असूही नये. अभयारण्य असल्यामुळे रस्त्याच्या, पुलाच्या, विजेच्या तारेच्या प्रत्येक कामाला वनखात्याच्या परवानगीची फाइल लागते आणि फाइल वर्षानुवर्षं फिरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं आदिम जमातींसाठी पीएम-जनमन योजना आणली. तिच्यात कोलामांच्या पोडांपर्यंत रस्ते नेणं आहे. ते व्हायलाच हवेत. पूल आणि नाला यांचं वैर नाही. रपट्याच्या जागी उंच, रुंद गाळ्यांचा पूल बांधला तर खालून पाणीही जातं, वाघही जातो आणि वरून खाटेऐवजी गाडी जाते. अरुंद नळ्या टाकून भर घातली की तिन्ही अडतात. फरक खर्चाचा आहे, आणि कोणासाठी तो करायचा याचा.

सरळ केलेले नाले

माझा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर. अभयारण्याबाहेर, गावोगावी, एक नवा आकार दिसतो: सरळ, दोन्ही काठ तासलेला, मातीचे ढीग बाजूला टाकलेला खंदक. ‘नाला खोलीकरण’. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात मशिनं गावोगावी पोचली आणि नाला खोल केला की पाणी वाढतं हे लोकांच्या मनात बसलं. शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नाही. बंधारा घातलेल्या ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षी पाणी उभं दिसतं, विहिरीला आधार होतो, रब्बीचा हरभरा निघतो. पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाला उभं पाणी दिसणं ही लहान गोष्ट नाही.

पण खोल करताना जातं काय ते पाहायला हवं. वळणं जातात, म्हणून वळणाच्या आतली रेती जाते. रेती गेली की झिरा गेला. आडव्या दगडाच्या धारा फोडल्या की त्यांच्यामागं साचणारे डोह जातात. डोहात उन्हाळा काढणाऱ्या मासोळ्या, खेकडे जातात. काठ तासताना जांभूळ-करंज मुळासकट निघतात, सावली जाते, उरलंसुरलं पाणी उन्हात उडतं. आणि तळ जर शेताखालच्या पाझराच्या पातळीच्याही खाली नेला तर शेतातलंच पाणी नाल्यात निथळून वाहून जातं. अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ डॉ. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते ते याच कारणांसाठी. जिथं मशीन पोचलं नाही तिथं रेतीचे ट्रॅक्टर पोचलेत. रात्री रपट्यावर त्यांचे दिवे दिसतात.

मला दिसलेलं एवढं की ज्या नाल्यात माणूस आरामात चालू शकतो, बसू शकतो, पाणी पिऊ शकतो, त्याच नाल्यात जनावरही येतं आणि पाणीही टिकतं. खोलीकरण झालेल्या नाल्यात उतरायलाच वाट नसते. गुरं काठावर उभी राहून पाण्याकडे बघत असतात. पोडावरचे म्हातारबाबा किंवा तांड्यावरच्या आजी यांना मशीन लावण्याआधी नाल्यातून एक फेरी मारायला सांगितली तर कुठली धार फोडायची नाही, कुठलं झाड ठेवायचं, कुठं बंधारा शोभेल हे ते एका सकाळी दाखवतील. अंदाजपत्रकात या फेरीसाठी एक ओळ असावी.

वणीकडे

पांढरकवडा सोडून झरीच्या बाजूनं वणीकडे उतरत गेलं की पायाखालचा दगड बदलतो. काळा बेसाल्ट पातळ होतो आणि त्याच्याखालचा कितीतरी जुना, पैनगंगा गटाचा चुनखडक वर येतो, उथळ समुद्राच्या तळाशी अब्जभर वर्षांपूर्वी साचलेला. इथल्या नाल्यात पायऱ्या नाहीत. पातळ, करड्या, पुस्तकाच्या पानांसारख्या थरांतून पाणी जातं आणि मध्येच जमिनीत शिरून पुढं वर येतं. मुकुटबनच्या अंगाला हाच दगड खाणीतून निघतो, आणि वणीच्या भोवती त्याहून वेगळ्या खडकांतून कोळसा. ट्रकांच्या धुळीनं नाल्याकाठची पानं राखाडी झालेली असतात. सायकलवर तोंडाला रुमाल बांधावा लागतो आणि मोठा रस्ता टाळून शेतवाटांनी जावं लागतं. त्या वाटा विचारल्या की लोक सांगतात, आणि पुढच्या गावात कुणाचं घर लागतं तेही सांगतात.

जुगादला पैनगंगा वर्धेत शिरते. काठावर देऊळ आहे. यवतमाळच्या पठारावरून वाघाडीनं आलेलं पाणी आणि बेंबळ्यानं आलेलं पाणी दोन्ही इथं एका पात्रात असतं, पण ते ओळखू येत नाही. वणीत परतलो तेव्हा एसटीच्या वाहकानं सायकल टपावर चढवायला हात दिला आणि कुठून आलात म्हणून विचारलं. नाल्यानाल्यानं आलो म्हटल्यावर त्यानं आपल्या गावच्या नाल्याचं नाव सांगितलं, तिथं उमरीच्या झाडापाशी बाराही महिने पाणी असतं आणि वाट त्याच्या काकाला ठाऊक आहे. पत्ता मी लिहून घेतला आहे.